टिफिनसाठी दिलेलं रक्त

ताई, मी ३१ वर्षांचा. आजवर ११ वेळा रक्तदान केलंय, पण खरं सांगतो, स्टेटसला फोटो टाकायला आणि भेटवस्तूसाठी. बायको म्हणते, ‘हे दान नाही, चमकोगिरी आहे.’ १२ दिवसांपूर्वीच्या शिबिरात स्टीलचा टिफिन मिळणार होता. त्याच्या महिनाभर आधी जत्रेत उजव्या हातावर मुलीचं नाव गोंदवलं होतं. फॉर्मवर गोंदणापुढे ‘नाही’ लिहिलं, बाही खाली ठेवली आणि डावा हात पुढे केला. स्वार्थापोटी केलेल्या दानाला काही किंमत असते का?
— हौशी दाता, सातारा

दादा, तुमचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, पण दुखणं त्याच्या आधीच्या ओळीत. म्हणून आधी ते. उत्तर छापून येईपर्यंत वाट बघायला लागू नये, म्हणून हे तुम्हाला आजच ईमेलनेही पाठवलंय.

आत्ता रक्तपेढीला फोन करा. प्रशस्तिपत्रावर पेढीचं नाव असेल. पिशवीचा क्रमांक ठाऊक नसला तरी तुमचं नाव आणि शिबिराची तारीख सांगा, नोंदीवरून पिशवी शोधता येते. एवढंच बोला : ‘महिनाभर आधी गोंदवलं होतं, फॉर्मवर लपवलं, माझं रक्त बाजूला काढा.’ चार शब्द ऐकून घ्यावे लागले तर घ्या. पिशवीचे घटक वेगळे केले असतील, तर प्लेटलेट ५ दिवसच टिकतात, त्या गेल्याच. तांबड्या पेशी मात्र फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवस राहतात आणि प्लाझ्मा गोठवून वर्षभर. म्हणजे अजून काही थांबवता येईल. कोणाला चढवलं गेलं असेल, तर त्या रुग्णाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचणं पेढीलाच जमेल.

तुम्ही म्हणाल, पिशवी तपासतात की! तपासतात : एचआयव्ही, ब आणि क कावीळ, सिफिलिस, मलेरिया. पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, ती चाचणीत दिसत नाही. याला विंडो पिरियड म्हणतात. जत्रेत तीच सुई आणि तीच शाई किती हातांवरून फिरली असेल, कोण सांगणार? म्हणूनच गोंदवल्यावर वर्षभर रक्त देऊ नये. तुमचीही तपासणी करून घ्या, एकदा आता आणि गोंदवल्याला ६ महिने झाले की पुन्हा. एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयात मोफत होते; ब आणि क कावीळ तपासायचं आवर्जून सांगा.

आता किमतीचं. थॅलेसेमियाच्या मुलाला दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त लागतं. त्याच्या अंगात गेलेल्या पेशींना तुमच्या स्टेटसशी काही देणंघेणं नसतं. आधीच्या १० वेळा फॉर्म खरा भरला असेल, तर त्या १० पिशव्या अस्सल आहेत, हेतू कसाही असो. हेतू नडतो तो फक्त फॉर्म भरताना. पैशासाठी येणारा आजार लपवतो, म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. टिफिन हे त्याच पैशाचं धाकटं भावंड. माझं मत विचाराल, तर शिबिरात चहा, बिस्किटं आणि प्रशस्तिपत्र पुरे.

फोटो मात्र खुशाल टाका. तो बघून आणखी दोघे येतील. फक्त चमकायचं ते अडीअडचणीला चमका. नेत्याच्या वाढदिवसाला पिशव्यांचा ढीग लागतो, त्यातल्या काहींची मुदत संपते आणि मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत रुग्णाचे नातेवाईक या पेढीतून त्या पेढीत धावत असतात. वर्ष उलटलं, चाचण्या ठीक आल्या की अशा दिवसांत थेट पेढीत जा. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, दोन दानांत ९० दिवस, हे तुम्हाला पाठच असेल.

राहिल्या वहिनी. दुसरी चाचणी होईपर्यंत निरोध वापरायचा आहे. त्याचं कारण त्या विचारणारच, तेव्हा फॉर्मवर काय लिहिलंत ते आज रात्रीच त्यांना सांगा.