'फ्रीक्स आउट' हा इटालियन चित्रपट कसा आहे? पाहावा का?

जरूर पाहा. गाब्रिएले माइनेत्तीचा हा चित्रपट २०२१ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या स्पर्धेत होता. काळ १९४३चा, रोम जर्मनांच्या ताब्यात. सर्कसचा ज्यू मालक इस्राएल बेपत्ता होतो आणि चार कलाकार उघड्यावर पडतात. अंगातून वीज खेळणारी मातिल्दे मला सर्वांत भावली. कुणाला स्पर्श केला तर त्याचा जीव जाईल, ही तिची धास्ती मनातून जात नाही. खलनायक फ्रान्झही जबरदस्त: दोन्ही हातांना सहा-सहा बोटं, पियानो वाजवतो, भविष्य पाहतो, त्यामुळे नाझी हरणार हे त्याला आधीच ठाऊक. लांबी सुमारे १४० मिनिटं. मधला भाग रेंगाळतो, ही तक्रार मला पटते. हिंसा बरीच आहे, लहान मुलांना दाखवू नका.