कॉन्फरन्स बदलली म्हणजे नेमके काय बदलले? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गोन्झागा विद्यापीठाने 1 ऑक्टोबर 2024 रोजी वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स सोडून पॅक-12 मध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हापासून अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांची, तसेच पुण्या-नागपूरकडून मुलांना तिकडे खेळायला पाठवू पाहणाऱ्यांची पत्रे येत आहेत आणि त्यांत तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतात. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की अमेरिकेतली कॉलेजे खेळांसाठी आपापले गट करतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात, आणि अमेरिकन फुटबॉलच्या पैशावर उभ्या असलेल्या बड्या गटांच्या बाहेर राहून चांगले बास्केटबॉल खेळणाऱ्या कॉलेजांना मिड-मेजर म्हणण्याची पद्धत आहे. पत्रलेखकांची नावे वगळून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : माझ्या भाच्याला गोन्झागाची शिष्यवृत्ती आहे. कॉन्फरन्स बदलल्यावर ती नव्याने मिळवावी लागेल का?

नाही. शिष्यवृत्ती कॉलेज देते, कॉन्फरन्स देत नाही. ती एका वर्षाची आहे की पूर्ण शिक्षणाची, हे मात्र करारात स्वतः वाचावे आणि कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे क्रीडा नियमांचे पालन पाहणाऱ्या कार्यालयाकडून, लेखी खात्री करून घ्यावी.

प्रश्न : नव्या कॉन्फरन्समध्ये सामने कधीपासून?

सदस्यत्व 1 जुलै 2026 पासूनचे आहे, म्हणजे पहिला हंगाम 2026-27 चा.

प्रश्न : आता गोन्झागाला फुटबॉल संघ उभा करावा लागणार असे आमच्या मंडळातले सगळे सांगतात. खरे का?

खरे नाही. गोन्झागाने फुटबॉल 1941 मध्ये बंद केले. पॅक-12 ला फुटबॉलसाठी किमान आठ सदस्य हवे होते. गोन्झागा त्या आठांत मोजले जात नाही, म्हणून जून 2025 अखेर टेक्सास स्टेट विद्यापीठाला घेऊन ती संख्या पूर्ण करण्यात आली. ही माहिती जाहीर आणि सहज तपासता येण्यासारखी असताना मंडळातल्या ऐकीव गोष्टीवर मुलाच्या प्रवेशाची चर्चा व्हावी, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : जो संघ आपल्या कॉन्फरन्समध्ये दरवर्षी जिंकतो, त्याने ती सोडावीच कशाला? राष्ट्रीय स्पर्धेत तर तो तसाही पोहोचतो.

प्रश्न रास्त आहे. गोन्झागा 1999 पासून झालेल्या प्रत्येक राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत आहे, 2017 आणि 2021 मध्ये अंतिम सामना खेळला आहे, आणि 2015 ते 2024 या काळात झालेल्या नऊही स्पर्धांत शेवटच्या सोळांत पोहोचला आहे. अडचण पोहोचण्याची नाही, मानांकनाची आहे. निवड समिती 2018 पासून ‘नेट’ ही क्रमवारी वापरते आणि प्रत्येक विजयाची प्रतवारी करते. घरच्या मैदानावर पहिल्या 30 मधला संघ, तटस्थ मैदानावर पहिल्या 50 मधला किंवा परक्या मैदानावर पहिल्या 75 मधला संघ हरवला, तरच तो पहिल्या प्रतीचा विजय धरला जातो. घरी 180 व्या क्रमांकाच्या संघाला 30 गुणांनी हरवले तरी तो शेवटच्या, चौथ्या प्रतीत जातो. वेस्ट कोस्टमध्ये सेंट मेरीज आणि आणखी एखाद-दुसरा संघ वगळता जानेवारी-फेब्रुवारीचे दोन महिने असेच सामने वाट्याला येत. त्याचा परिणाम 2025 मध्ये दिसला. नेटमध्ये पहिल्या दहांत असूनही गोन्झागाला आठवे मानांकन मिळाले आणि दुसऱ्याच फेरीत ह्यूस्टनसारख्या पहिल्या मानांकित संघाशी गाठ पडून 81-76 असा पराभव पत्करावा लागला.

दुसरे कारण पैशाचे. राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामना वगळता खेळलेल्या प्रत्येक सामन्यासाठी एक ‘युनिट’ मिळते, त्याची रक्कम सहा वर्षांत मिळून सुमारे 20 लाख डॉलर होते, आणि ती संघाला नव्हे तर कॉन्फरन्सला दिली जाते. पुढे ती सदस्यांत वाटली जाते. म्हणजे एक कॉलेज कमावते आणि बाकीची त्यात वाटेकरी होतात. 2018 मध्ये गोन्झागा माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे वळेल असे दिसताच वेस्ट कोस्टने कॉन्फरन्समधले सामने 18 वरून 16 केले आणि कमावणाऱ्या संघाला अधिक वाटा देण्याचे ठरवले. त्या सवलतींनी काही वर्षे निघाली. तेव्हा ‘अचानक का गेले’ असे जे विचारतात त्यांनी लक्षात घ्यावे की यात अचानक काहीही नव्हते. हिशेबाचे बारकावे प्रत्येक कॉन्फरन्सच्या उपविधींत असतात; लेख लिहायचा असेल तर ते मागवून वाचा, माझ्या चार ओळींवर विसंबू नका.

प्रश्न : मुलाला दोन मिड-मेजर कॉलेजांचे बोलावणे आहे. त्यांतले एक लवकरच वरच्या कॉन्फरन्समध्ये जाणार आहे. ‘आमचा दर्जा वाढतो आहे’ असे प्रशिक्षक सांगतात. मग तेच निवडावे हे उघड नाही का?

नाही, उघड नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. कॉन्फरन्स बदलणे ही बढती आहे असे गृहीत धरून पालक चार वर्षांचा निर्णय घेतात. ती बढती नसून कॉलेजांच्या प्रमुखांनी केलेला भागीदारीचा करार असतो. भागीदार उद्या निघून जाऊ शकतात, आणि जातातही.

विचिटा स्टेटचे उदाहरण घ्या. 2013 मध्ये हा संघ अंतिम चारांत होता, पुढच्या हंगामात सलग 35 सामने जिंकून मग केंटकीकडून हरला. अशा भरात त्याने 2017 मध्ये मिसुरी व्हॅली सोडून अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्स गाठली, कारण तिथे ह्यूस्टन आणि सिनसिनाटीसारखे शेजारी मिळणार होते. पहिल्या वर्षी चौथे मानांकन मिळाले, पण पहिल्याच फेरीत मार्शल विद्यापीठाने हरवले. त्यानंतर 2021 मध्ये एकदा प्राथमिक फेरीपुरते दर्शन झाले. 2023 मध्ये ह्यूस्टन, सिनसिनाटी आणि सेंट्रल फ्लोरिडा ही कॉलेजे बिग 12 मध्ये निघून गेली. ज्यांच्यासाठी घर बदलले ते शेजारीच उरले नाहीत. या घसरणीला प्रशिक्षक बदलण्यासह इतरही कारणे होती, हे मान्य करूनच मी हे लिहितो आहे. पण 2017 मध्ये त्या संघात आलेल्या मुलाला जे चित्र दाखवले गेले, ते सहा वर्षांत पुसले गेले होते.

आता मागे राहिलेल्यांकडे पाहा. विचिटा गेल्यावर मिसुरी व्हॅली संपली असे म्हणणारे पुष्कळ होते. त्याच पहिल्या हंगामात, 2018 मध्ये, याच कॉन्फरन्सचा लॉयोला शिकागो अंतिम चारांत पोहोचला. पुढे लॉयोलानेही 2022 मध्ये अटलांटिक 10 कडे प्रयाण केले आणि पहिल्या वर्षी 10 विजय व 21 पराभव अशी अवस्था झाली. दुसऱ्या वर्षी त्याच संघाने कॉन्फरन्सच्या साखळीत संयुक्त पहिला क्रमांक मिळवला, तरी राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले नाही. इकडे मिसुरी व्हॅलीतल्या ड्रेकने 2025 मध्ये 31 सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत मिसुरी विद्यापीठाला हरवले.

एकाच दिवशी एकाच कॉन्फरन्समध्ये गेलेल्या दोन संघांची वाट वेगळी होऊ शकते, हेही पाहा. बटलर 2010 आणि 2011 असे सलग दोन अंतिम सामने खेळले, 2012 मध्ये अटलांटिक 10 आणि 2013 मध्ये बिग ईस्ट असा प्रवास त्यांनी केला. 2013 च्याच जुलैत त्यांचे प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाकडे गेले. बटलर 2018 नंतर 2025 पर्यंत एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत दिसले नाही. क्रेटन मिसुरी व्हॅलीतून त्याच वर्षी बिग ईस्टमध्ये आले आणि 2023 मध्ये शेवटच्या आठांत पोहोचले. फरक पाटीचा असता तर दोघांचे सारखेच झाले असते.

आणि पॅक-12 हे नाव ऐकून जे हुरळून जातात, त्यांनी हे विसरू नये की जुन्या पॅक-12 मधली दहा कॉलेजे 2024 मध्ये बिग टेन, बिग 12 आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. उरली फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. आजच्या पॅक-12 मध्ये त्यांच्याबरोबर बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि गोन्झागा आहेत. बास्केटबॉलच्या दृष्टीने हा गट वेस्ट कोस्टहून निश्चित बळकट आहे. सॅन डिएगो स्टेट 2023 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना खेळले होते. पण यूसीएलए आणि अॅरिझोना असलेली ती जुनी कॉन्फरन्स ही नव्हे, आणि जो प्रशिक्षक किंवा दलाल नावाचा हा घोटाळा आपल्यासमोर तसाच राहू देतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही मी विश्वास ठेवणार नाही.

तेव्हा आपण प्रशिक्षकांना चार गोष्टी विचारा. आपल्या मुलाच्या जागेवर आज किती खेळाडू आहेत आणि वरच्या स्पर्धेसाठी बाहेरून अनुभवी खेळाडू आणण्याचा विचार आहे का, कारण खेळाडूंना कॉलेज बदलणे सोपे झाल्यापासून वर चढणारे संघ अठरा वर्षांच्या मुलाची वाट पाहत नाहीत. प्रशिक्षकांचा स्वतःचा करार किती वर्षांचा आहे. कॉन्फरन्सचा टीव्ही करार कोणत्या वर्षी संपतो, कारण भागीदार बहुधा त्याच सुमारास हलतात. आणि मुलाला जे शिकायचे आहे तो विषय तिथे कसा शिकवला जातो. उत्तरे लेखी घ्या, आणि सही करण्यापूर्वी शाळेचे प्रशिक्षक व कॉलेज क्रीडा नियम जाणणारा एखादा वकील यांना दाखवा.

प्रश्न : बास्केटबॉलसाठी कॉन्फरन्स बदलणाऱ्या कॉलेजात माझी मुलगी टेनिस खेळते. तिचे काय?

आपल्या मुलीचा विचार या चर्चेत कोणी करत नाही, हे दुर्दैवाने खरे आहे. निर्णय बास्केटबॉलच्या हिशेबाने होतो आणि प्रवास सगळ्यांना करावा लागतो. गोन्झागाचाच नकाशा पाहिला तर वेस्ट कोस्टमध्ये पोर्टलंड, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो अशी मोठ्या विमानतळांची शहरे जास्त होती. आता गोन्झागाच्या स्पोकॅनपासून वॉशिंग्टन स्टेटचे पुलमन मोटारीने दीड तासावर असले तरी युटा स्टेटच्या लोगनला किंवा ओरेगन स्टेटच्या कॉर्व्हॅलिसला विमानातून उतरून पुढे रस्त्याने जावे लागते आणि टेक्सास स्टेटचे सॅन मार्कोस घड्याळाने दोन तास पुढे आहे.

हंगामात सराव आणि सामन्यांसाठी आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे हे पालकांना ठाऊक असते, पण प्रवासाचे तास त्यात धरले जात नाहीत हे बहुतेकांना ठाऊक नसते. तिला प्रयोगशाळेचे विषय असतील तर सत्राची वेळापत्रके शेजारी ठेवून किती वर्ग बुडतील ते आताच मोजा. तिचा खेळ नव्या कॉन्फरन्समध्ये खेळवला जातो की त्यासाठी दुसरीकडे सहयोगी सदस्यत्व घ्यावे लागेल, हेही विचारा. तिच्या शैक्षणिक सल्लागाराची भेट या महिन्यातच घ्यावी.

प्रश्न : एका संस्थेने सांगितले की कॉन्फरन्स वाढल्यामुळे परदेशी खेळाडूंच्या जागा वाढल्या आहेत आणि शुल्क भरल्यास चाचणी हमखास होईल, शिवाय जाहिरातींतून मुलाची कमाईही होईल. मुलगा पुण्यात बारावीत आहे.

पैसे देऊ नका. कॉन्फरन्स बदलल्याने संघातली एकही जागा वाढत नाही. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनुसार खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देण्याचे स्वीकारलेल्या कॉलेजांत पुरुष बास्केटबॉलच्या चमूची मर्यादा 15 आहे, मग कॉन्फरन्स कोणतीही असो. गोन्झागाने जपानच्या रुई हाचिमुरासारखे परदेशी खेळाडू घडवले हे खरे, पण त्यांना प्रशिक्षकांनी शोधले होते. हमखास चाचणी विकणाऱ्याच्या हाती कोणत्याही कॉलेजची निवड नसते.

कमाईबद्दल अधिक सावध राहा. 1 जुलै 2025 पासून कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, तथापि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर काम करण्यास कडक मर्यादा आहेत आणि चुकीच्या सहीने खेळच नव्हे, शिक्षणही धोक्यात येते. असा कोणताही कागद सही करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि व्हिसाविषयक वकिलाला दाखवलाच पाहिजे. संस्थेच्या ‘आमचे लोक बघून घेतील’ या आश्वासनाला काहीही अर्थ नाही.

प्रश्न : मुलाच्या कॉलेजने कॉन्फरन्स सोडण्याची घोषणा केली आहे. काय होते ते हंगाम संपेपर्यंत थांबून पाहावे असे आम्हाला वाटते.

थांबू नका, निदान माहिती घेण्यासाठी तरी. सोडून जाणाऱ्या सदस्याला जुनी कॉन्फरन्स कशी वागवते हे तिच्या नियमांवर ठरते. 2022 मध्ये अमेरिका ईस्टने स्टोनी ब्रूकला, आणि त्याच हंगामात कलोनियल अॅथलेटिक असोसिएशनने जेम्स मॅडिसनला आपल्या अजिंक्यपद स्पर्धांतून वगळले होते. लहान कॉन्फरन्समधून राष्ट्रीय स्पर्धेत जाण्याची वाट बहुधा त्या एकाच स्पर्धेतून जाते, त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या खेळाडूचे स्वप्न तिथेच संपते. सर्वच कॉन्फरन्स असे करत नाहीत. आपली काय करते, हे क्रीडा संचालकांना आजच लेखी विचारा.

कॉलेज बदलण्याचा विचार मनात असेल तर एप्रिल 2024 पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता पुन्हा बदली घेता येते. मात्र त्यासाठी नाव नोंदवण्याची मुदत थोड्या दिवसांची असते आणि तिच्या तारखा बदलत राहतात. नाव नोंदवल्यावर सध्याचे कॉलेज पुढची शिष्यवृत्ती थांबवू शकते, म्हणून कंप्लायन्स ऑफिसशी बोलल्याशिवाय मुलाने अर्ज करू नये, आणि त्या भेटीला आपणापैकी एकाने सोबत बसावे.