'द बोट दॅट रॉक्ड' हा सिनेमा खऱ्या घटनेवर आधारित आहे का?

अर्धामुर्धाच. रिचर्ड कर्टिसच्या या २००९ च्या सिनेमातलं जहाजावरचं 'रेडिओ रॉक' स्टेशन, त्यावरचे निवेदक आणि तो खडूस मंत्री काल्पनिक आहेत. पार्श्वभूमी मात्र खरी. रोनन ओ'राहिली यांनी १९६४ च्या ईस्टरला रेडिओ कॅरोलाइन असंच जहाजावरून सुरू केलं. ब्रिटनची सागरी हद्द तेव्हा ३ मैलांची होती, त्यापलीकडे नांगर टाकला की परवान्याचा प्रश्नच नाही. बीबीसीवर पॉप गाणी मोजकीच लागत, त्यामुळे श्रोते तुटून पडले. ऑगस्ट १९६७ मध्ये नव्या कायद्याने अशा स्टेशनांना जाहिराती आणि रसद पुरवणं गुन्हा ठरवलं. (सिनेमा पाहायचा असेल तर पुढे वाचू नका.) फक्त जहाज बुडण्याचा शेवट त्या काळातला नाही: कॅरोलाइनचं 'मी अमिगो' जहाज बुडालं ते १९८० मध्ये, आणि त्यावरची माणसं सुखरूप वाचली.