क्षेपणास्त्रांच्या जमान्यात नौदलाला 'तरंगिणी'सारखं शिडाचं जहाज कशाला हवं? तिचा इतिहास काय?

शोभेसाठी ठेवलेलं नाही, एवढं आधी सांगतो. मी तरंगिणीवर खलाशी होतो आणि हा 'कशाला हवं'चा सूर घरीच पुरेसा ऐकलाय.

माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे फौज म्हणजे पायदळ. पायदळातून निवृत्त झालेले माझे चुलते, मी सुट्टीवर आलो की पारावर चारचौघांत म्हणायचे, "पुतण्या सरकारी खर्चानं नावेतनं फिरतोय."

ते फिरणं असं असतं. मध्यरात्री वारा चढला की वरची शिडं गुंडाळायचा हुकूम सुटतो. दोरशिडीनं डोलकाठीवर चढायचं, तिथून आडव्या काठीवर सरकायचं. पायाखाली फक्त एक दोर. शेजारच्यानं त्यावर पाय ठेवला की आपले पाय वर उचलले जातात. पोट काठीवर दाबून भिजलेलं, ताठरलेलं शीड दोन्ही मुठींनी ओढायचं आणि बांधायचं. नखं उलटतात. कमरेचा पट्टा अडकवलेला असतो, पण जहाज कललं की खाली डेक नाही, काळं पाणी दिसतं. शेजारी लटकलेला पोरगेला कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, उद्या युद्धनौका चालवणार असतो. वारा फिरला हे त्याला तिथं अंगावर कळतं. रडारसमोर बसून ते कळत नाही, मग कोणी काहीही म्हणो.

बाकी माहिती: बांधणी गोवा शिपयार्डची, आराखडा ब्रिटनच्या कॉलिन मुडी यांचा, नौदलात दाखल ११ नोव्हेंबर १९९७. लांबी ५४ मीटर, शिडं २०. तीन डोलकाठ्या, पुढच्या दोन्हींवर चौकोनी शिडं, मागचीवर लांबीच्या दिशेनं लावलेली. मुक्काम कोची. २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, भारतीय नौदलाच्या जहाजांत पहिली. २०१२ मध्ये तशीच 'सुदर्शिनी' आली.

इंजिनंही आहेत बरं का, वारा पडला की किंवा बंदरात शिरताना लागतात. आणि बोट लागणाऱ्याचे सुरुवातीला फार हाल होतात, तेही खरं.

पण घरातलं पोर नौदलात जातो म्हणालं तर 'आपला समुद्राशी काय संबंध' म्हणून अडवू नका. १७१३ नंतर मराठा आरमाराचे प्रमुख, सरखेल कान्होजी आंग्रे सातारच्या शाहू महाराजांच्याच बाजूनं होते. चुलत्यांना हे मी पारावरच सुनावलं होतं. कोचीला या, जहाज दाखवतो, असंही दरवेळी म्हणायचो. ते कधी आले नाहीत.