सवय नाकाला होते, छातीला नाही

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे चार महिन्यांपूर्वी आम्ही परदेशात एका प्रचंड मोठ्या शहरात राहायला आलोय, सोबत सहा वर्षांची मुलगी आहे. आल्यापासून मला कोरडा खोकला आणि मुलीला रात्री ठसका लागतो, आता दीड महिना झाला. इथे दहा-दहा वर्षं राहिलेले लोक सांगतात की पहिला हिवाळा जड जातो, मग शरीराला सवय होते. खरंच होते का? एअर प्युरिफायर घ्यावा का, मास्क लावावा का, की सरळ परत जावं?

उत्तर : आधी मुलीचं बोलूया, बाकी सगळं नंतर. लहान मुलाचा खोकला चार आठवड्यांच्या वर गेला की तो डॉक्टरला दाखवायचाच, "हवा खराब आहे म्हणून असेल" असं आपणच ठरवून टाकायचं नाही. रात्रीचा खोकला, खेळताना दम लागणं, छातीत शिट्टीसारखा आवाज, हे दम्याचं असू शकतं आणि दम्यावर चांगले उपाय आहेत. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीला जा. तुमचाही खोकला दाखवून घ्या.

आता सवयीचं. मी स्वतः आठ वर्षं अशाच एका शहरात काढलीत आणि हे वाक्य मलाही पहिल्याच महिन्यात ऐकवलं होतं. सवय होते, पण नाकाला. दोन-तीन महिन्यांत धुराचा वास जाणवेनासा होतो, डोळ्यांची चुरचुर कमी होते आणि आपल्याला वाटतं की जमलं बुवा. पण पीएम 2.5 म्हणजे 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीस पटीने लहान, ते फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात आणि त्यातले सगळ्यात बारीक रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्यांना याची सवय होत नाही. बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2013 मध्येच जाहीर केलंय. घाबरवायला नाही सांगत, पण "होईल सवय" या धीरावर एका लहान मुलीला वाढवू नका एवढंच कळकळीने सांगते.

मग करायचं काय? शहराची हवा तुमच्या हातात नाही, झोपायच्या खोलीची आहे. दिवसाचे आठ तास, मुलीचे तर दहा तास तिथे जातात, त्यामुळे पैसे आणि मेहनत आधी तिथे घाला. हेपा फिल्टरवाला, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या जाळीचा प्युरिफायर घ्या आणि खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा बघा, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते ते. खोली 4 मीटर लांब, 3.5 रुंद, 3 उंच असेल तर 42 घनमीटर झाली, तासाला पाच वेळा ती हवा गाळून निघायला हवी, म्हणजे 210 लागेल. पण तो आकडा फुल स्पीडचा असतो आणि फुल स्पीडच्या आवाजात कोणी झोपत नाही, म्हणून 300-350 चा घ्या आणि मधल्या स्पीडवर चालवा. ओझोन सोडणारं मशीन मात्र अजिबात नको, ओझोनने छाती आणखी बिघडते.

मशीनआधी फटी बुजवा. टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी फाडून खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा, जिथे ती थरथरते तिथून बाहेरची हवा आत येतेय. माझ्या खोलीत ती खिडकीपाशी नाही तर एसीच्या पाइपच्या भोकापाशी फडफडली होती! तिथे फोमची टेप, दाराखाली गुंडाळलेला टॉवेल, बास. तीन महिन्यांनी पहिला फिल्टर काढला तर पांढऱ्याचा राखेसारखा करडा झालेला, तो हातात धरून मी बराच वेळ नुसती बसले होते. मात्र खोली कायमची सील करू नका, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि प्युरिफायर तो काढत नाही, बाहेरच्या पीएम 2.5 चा आकडा सगळ्यात कमी असेल तेव्हा थोडा वेळ खिडक्या उघडा.

आकडा म्हणजे एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) नाही हं, इथे परदेशात आलेले हमखास फसतात. प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी. दर घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम पीएम 2.5 असेल तर भारताच्या पट्टीवर ते "समाधानकारक" मध्ये बसतं आणि अमेरिकेच्या पट्टीवर तेच "अनहेल्दी". म्हणून अॅपमध्ये रंग बघू नका, मायक्रोग्रॅम बघा. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासूनची मर्यादा 24 तासांसाठी 15 आहे आणि वर्षाच्या सरासरीसाठी 5.

मास्क एन 95 किंवा एफएफपी 2 चाच, कापडी मास्कने हे कण फारसे अडत नाहीत. कडेने हवा येत असेल तर महागडा मास्कही फुकट, आणि दाढी असेल तर तो नीट बसतच नाही हे नवऱ्याला सांगा. मुलीला तिच्या मापाचा शोधा.

परत जाण्याचं मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण डॉक्टरने दमा सांगितला, औषध नियमित चालू आहे, खोली स्वच्छ आहे आणि तरी मुलगी रात्र रात्र झोपत नाही, असं झालं तर नोकरीपेक्षा ती मोठी.

प्रश्न : मी रोज पहाटे पाचला पळायला जातो, तेव्हा ट्रॅफिक नसतो म्हणजे हवा चांगलीच असणार ना?

उत्तर : हिवाळ्यात बहुतेक वेळा उलटं असतं. रात्री जमीन गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि सगळा धूर खाली अडकतो. लंडनमध्ये डिसेंबर 1952 मध्ये असंच झाकण पाच दिवस बसलं आणि हजारो माणसं गेली. ऊन चढलं की ते सुटतं, म्हणून थंडीत दुपारी पळा. उन्हाळ्यात मात्र दुपारी ओझोन वाढतो, तेव्हा सकाळ बरी. मोठा रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांतून जा, तेवढ्यानेही फरक पडतो. आणि पळताना आपण बसल्यापेक्षा कितीतरी पट जास्त हवा ओढतो, तेव्हा आकडा फार वर असेल त्या दिवशी घरातच व्यायाम करा, एक दिवस बुडाला म्हणून काही बिघडत नाही.

प्रश्न : घरात भरपूर झाडं ठेवली तर चालेल ना?

उत्तर : झाडं जरूर ठेवा, मनाला बरं वाटतं, पण हवा त्यांनी साफ होत नाही. 1989 चा नासाचा जो अभ्यास सगळे फॉरवर्ड करतात तो छोट्या बंद पेट्यांमधला होता आणि काही वायूंवर होता, धुळीच्या कणांवर नाही.

प्रश्न : आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येतेय, तिला जुना दमा आहे. काय तयारी करू?

उत्तर : शक्य असेल तर हवा बरी असते त्या महिन्यांत बोलवा, तिकीट काढायच्या आधी मागच्या वर्षीचे आकडे बघा. औषधांची भारतातली ब्रँड नावं परदेशात चालणार नाहीत, डॉक्टरकडून मूळ औषधाची नावं आणि डोस छापून घ्या. तीही काही ठिकाणी बदलतात, दम्याच्या पंपातल्या सॅल्ब्युटामॉलला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात आणि पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन, ऐनवेळी फार्मसीत उभं राहून हे सुचत नाही. कोडीनवालं कफ सिरप काही देशांत कडक नियंत्रणात आहे, आणायच्या आधी नियम बघा. इन्शुरन्समध्ये जुन्या आजाराचं कलम शब्दन् शब्द वाचा. फ्लूची लस निघायच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायला सांगा. रोजचा प्रतिबंधक पंप "बरं वाटतंय" म्हणून ती बंद करणार नाही हे तुम्ही बघा, दम्याची बरीच माणसं नेमकं तेच करतात. आणि दम लागल्यावर घ्यायचा पंप चेक-इन बॅगेत नाही, तिच्या पर्समध्ये, वरच्या कप्प्यात.