सीडी सोलापुरात, सर्व्हर नवी मुंबईत

वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : मी सोलापुरात एका पतसंस्थेचं संगणकाचं काम बघतो. आमचा सर्व्हर नवी मुंबईत, महाप्याला एका डेटा सेंटरमध्ये आहे. त्यावर लिनक्स नव्याने टाकायचं होतं. रिमोट कन्सोलमधल्या ‘व्हर्च्युअल मीडिया’तून माझ्या लॅपटॉपवरची 4 जीबीची आयएसओ फाइल (अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलमधली नक्कल) जोडली. सर्व्हरला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, तरी त्याने ती डीव्हीडी म्हणून घेतली. पण रात्री दहाला सुरू केलेलं काम पहाटे तीनला निम्म्यावरही नव्हतं, आणि मग ‘वाचता येत नाही’ म्हणून थांबलं. आमची लाइन 100 एमबीपीएसची आहे, पिंग 40 मिलिसेकंद येतो. चुकतंय कुठे?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पिंगचा आकडा कळवलात हे फार बरं केलंत. पिंग म्हणजे एक निरोप सर्व्हरकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ, आणि उत्तर त्यातच आहे.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरपासून वेगळा असा एक छोटा संगणक असतो, बीएमसी. सर्व्हर बंद असला तरी केबलमध्ये वीज आहे तोवर तो जागा असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. त्याची एक यूएसबी जोडणी बोर्डावरच्या बोर्डावर मुख्य संगणकाला गेलेली असते. तुम्ही ‘कनेक्ट’ दाबलंत की बीएमसी त्या जोडणीवर नवीन यूएसबी उपकरण आल्याचं भासवतो. सर्व्हर विचारतो, ‘तू कोण?’ हा सांगतो, ‘मी प्रकार 5.’ डिस्कच्या बोलीत 5 म्हणजे सीडी-डीव्हीडी, 0 म्हणजे साधी डिस्क. सर्व्हर एवढ्यावर विश्वास ठेवतो, कारण खऱ्या ड्राइव्हलाही तो याहून जास्त काही विचारत नाही.

आता बूट होताना काय होतं ते बघा. सीडीवर 2,048 बाइटचा एकेक सेक्टर असतो. सर्व्हर आधी सेक्टर 16 मागतो, त्यात सीडीची ओळख असते. मग 17 मागतो, त्यात बूट कुठून करायचं ते लिहिलेलं असतं. बीएमसीकडे सीडी नाहीच. तो ही मागणी तशीच तुमच्या लॅपटॉपकडे पाठवतो. लॅपटॉप फाइलमध्ये 17 गुणिले 2,048, म्हणजे 34,816 व्या बाइटवर जातो, तिथले 2,048 बाइट उचलतो आणि महाप्याला पाठवतो. मग पुढची मागणी. म्हणजे सीडी सोलापुरातच आहे, आणि तिचा एकेक तुकडा विचारून विचारून तिकडे जातोय.

तुमच्या आकड्यांवरून मी उलटं गणित मांडलं. एका फेरीला 40 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला 25 फेऱ्या. दर फेरीत दोनच सेक्टर, म्हणजे 4 किलोबाइट गेले असं धरलं तर सेकंदाला 100 किलोबाइट होतात. पाच तासांत पावणेदोन जीबीच्या आसपास. तुमचं काम निम्म्याच्या अलीकडे अडकलं, ते याच्याशी जुळतं. लाइन 100 एमबीपीएसची असून इथे उपयोग नाही. रस्ता सहापदरी असला तरी पाणी एकेक घागरीनेच आणायचं असेल तर हौद भरायला खेपांइतकाच वेळ लागणार. हेच वाचन एका खेपेला 64 किलोबाइटचं झालं असतं तर पाऊण तासात आटोपलं असतं. पण खेप केवढी हे सर्व्हरचं फर्मवेअर (बोर्डावरच्या चिपमध्ये बसवलेलं सॉफ्टवेअर) आणि इन्स्टॉलर ठरवतात, तुम्ही नाही.

तेव्हा खेपेचं अंतर कमी करा, म्हणजे सीडी सर्व्हरजवळ न्या. त्याच डेटा सेंटरमध्ये तुमचं दुसरं एखादं मशीन असेल तर लॅपटॉपवरची आयएसओ आधी तिथे साध्या फाइल-कॉपीने पाठवून द्या. त्या कामात तुमची 100 एमबीपीएसची लाइन पुरेपूर वापरली जाते. मग बीएमसीला लॅपटॉपऐवजी त्या मशीनवरच्या फाइलचा पत्ता द्या. आयड्रॅकमध्ये याला ‘रिमोट फाइल शेअर’ म्हणतात, आयएलओमध्ये यूआरएल देता येतो. एकाच स्विचवर फेरी एका मिलिसेकंदाच्याही आत होते. तुमच्या बीएमसीला रेडफिश हे सर्व्हर दुरून हाताळण्याचं 2015 चं मानक येत असेल, तर ‘इन्सर्ट मीडिया’ आणि ‘इजेक्ट मीडिया’ या दोन आज्ञांनी हेच काम स्क्रिप्टमधून होतं.

दुसरं मशीन नसेल तर आयपीएक्सई वापरा, म्हणजे नेटवर्कवरून बूट करून देणारा एक छोटा प्रोग्राम. त्याची आयएसओ दोन-तीन मेगाबाइटची असते, सोलापुरातून जोडली तरी एखाद्या मिनिटात चढते. पुढचा सगळा माल सर्व्हर स्वतःच्या नेटवर्क कार्डाने थेट इंटरनेटवरून ओढतो. तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

‘वाचता येत नाही’ कशामुळे आलं हे दुरून सांगणं अवघड, पण लॅपटॉप झोपला होता का ते आधी तपासा. हे मी अनुभवावरून सांगते. पूर्वी असं काम निघालं की सीडीचं पाकीट पर्समध्ये टाकून मी पहाटेच्या शिवनेरीने पुण्याहून मुंबई गाठायची. 2009 मध्ये पहिल्यांदा घरून व्हर्च्युअल सीडी जोडली आणि इन्स्टॉल चालू ठेवून आडवी झाले. रात्री दिवा मालवताना आईने लॅपटॉपचं झाकणही मिटलं. मी जागी असते तर मीच मिटलं असतं, इतकी ती घरातली साधी सवय. पण सर्व्हरच्या दृष्टीने कुणीतरी चालू सीडी उपटून नेली होती. जुनी सिस्टीम पुसून झालेली, नवी अर्धवट. साडेपाचची शिवनेरी पकडली तेव्हा पर्समध्ये खरी सीडी होती, आणि दहाला ऑफिस उघडेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. त्या दिवसापासून अशा कामाला लॅपटॉप चार्जरवर, स्लीप पूर्ण बंद, आणि जोडणी वायफायने नाही, तारेने.

आणखी एक. डिस्क निवडण्याच्या पडद्यावर नावावर जाऊ नका, आकारावर जा. बीएमसीची व्हर्च्युअल फ्लॉपी किंवा पेनड्राइव्हही कधी कधी यादीत पहिली, ‘एसडीए’ म्हणून बसते आणि तुमची खरी डिस्क ‘एसडीबी’ होते. पतसंस्थेचा डेटा आहे, घाई नको. काम झालं की इजेक्ट करा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला सर्व्हर पुन्हा इन्स्टॉलरमध्येच जाऊन बसू शकतो.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीत डिप्लोमाला आहे. बाबांच्या दुकानातल्या जुन्या पीसीला असं काही नाही. होस्टेलवरून त्यात व्हर्च्युअल सीडी लावता येईल का?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : येईल, आणि यातून तू बरंच शिकशील. रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा संगणक घे. त्याचं यूएसबी-सी पोर्ट समोरच्या संगणकाला ‘मी पेनड्राइव्ह आहे’ किंवा ‘मी सीडी आहे’ असं सांगू शकतं, ती सोय लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. पायकेव्हीएम या मुक्त प्रकल्पाने त्याच्या जोडीला एचडीएमआयवरून पडदा पकडणं आणि कीबोर्ड-माउसची नक्कलही बसवून दिली आहे. आयएसओ पायच्या एसडी कार्डावर राहते, म्हणजे सीडी आधीच दुकानात असते. वर सोलापूरच्या काकांना झालेला त्रास तुला होणार नाही.

दोन गोष्टी नीट बघ. पाय 4 ला वीजही त्याच यूएसबी-सी पोर्टातून जाते, म्हणून वीज आणि डेटा वेगळे करणारी दुभागणारी केबल लागते. पीसी आणि अडॅप्टर दोन्हीकडून एकदम वीज जाऊ देऊ नकोस. आणि केबल डेटा नेणारी आहे ना, हे आधी मोबाइल पीसीला जोडून तपास. नुसत्या चार्जिंगच्या केबलीपायी माझ्या ओळखीच्या एका मुलाने अख्खा शनिवार पाय बिघडला समजून घालवला.

प्रश्न : घरून सोपं पडावं म्हणून बीएमसीला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) दिला तर चालेल का? पासवर्ड मोठा आहे.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. कृपा करून आजच काढा. 2019 मध्ये एक्लिप्सियमच्या संशोधकांनी सुपरमायक्रोच्या काही बोर्डांत नेमक्या या व्हर्च्युअल मीडियाच्या सेवेतच भोक दाखवलं होतं. 623 क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवरून दूरचा माणूस तुमच्या सर्व्हरला स्वतःचं यूएसबी उपकरण जोडू शकत होता. कंपनीने दुरुस्तीचं फर्मवेअर दिलं, पण ते टाकलं तरच उपयोग. अशा भोकापुढे पासवर्ड कितीही मोठा असून भागत नाही, कारण ज्याच्या हातात सीडी लावणं आहे त्याच्या हातात अख्खा सर्व्हर आहे. बीएमसी वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा, आत व्हीपीएननेच (कुलूपबंद खासगी जोडणीने) जा, आणि फर्मवेअर या आठवड्यात तपासा.