यजमान रोज तीन पेग घेतात. प्रीबायोटिक पावडर दिली तर लिव्हर सुरक्षित राहील का?

नाही, दारू चालू ठेवून नुसत्या प्रीबायोटिकने, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसणाऱ्या तंतूंनी, लिव्हर वाचणार नाही; पण दारू सोडताना आहारात त्यांचा उपयोग जरूर आहे. मी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे, हा प्रश्न घेऊन घरची माणसं वरचेवर येतात. दारूने आतड्याचं अस्तर सैल पडतं, जिवाणूंची विषारी द्रव्यं रक्तातून थेट लिव्हरमध्ये पोचतात आणि तिथे सूज धरते. इन्युलिन, पेक्टिन हे प्रीबायोटिक तंतू आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट तयार होतं आणि अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. उंदरांवरच्या प्रयोगांत पेक्टिनमुळे लिव्हरची इजा कमी झालेली दिसली आहे. माणसांत तेवढा ठोस पुरावा नाही, म्हणून पावडरच्या डब्यावर पैसे घालू नका. त्यापेक्षा मंडईतून कांदा-लसूण, पेरू आणि कच्ची केळी आणा. केळ्याची मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिलेली भाजी पुरुषमाणसंही आवडीने खातात. प्रमाण मात्र हळूहळू वाढवा, नाहीतर पोट गच्च होतं.

एक लक्षात ठेवा: रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हात थरथरतात, भास होतात, फिटही येऊ शकते. आधी डॉक्टरांना किंवा मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखवा. डोळे पिवळे दिसत असतील किंवा पोटात पाणी झालं असेल, तर आजच.